परीक्षेला न बसता पास

एका तालुक्याच्या गावात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, एक माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढत बसायचा. आणि गंमत बघा, त्याला याचा पगार मिळायचा! घरोघरी हेच काम फुकटात करणारे कितीतरी आहेत, त्यांना कुणी चहासुद्धा विचारत नाही. तर या माणसाचं नाव दामोदर केंजळे. सगळे त्याला अण्णा म्हणायचे.

त्या माडीवर काम काय चालायचं? तर कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो. त्याला कर्नल म्हणतात, फौजेतला नव्हे हं. दिसत नाही, बोलत नाही, पण कुणी कधी काम करायचं आणि कुणी गप बसायचं, सगळं तोच ठरवतो. हा कारभारी कधीमधी आजारी पडतो. मग त्याची नाडी बघायला, पोट दाबून बघायला बारकी बारकी हत्यारं लागतात. तीही प्रोग्रामच. ती हत्यारं तिथं बनायची.

प्रत्येक हत्याराच्या टेस्ट असायच्या. टेस्ट म्हणजे परीक्षाच, फक्त मास्तर माणूस नाही, मशीन. कोपऱ्यात एक दांडगं मशीन होतं. त्याला सगळे थोरली म्हणायचे. थोरली आधी हत्यार बांधायची, म्हणजे सुटे भाग जोडून चालतं करायची, मग टेस्ट बांधायची, मग सगळ्या टेस्ट चालवून भिंतीवरच्या पडद्यावर निकाल लावायची. पास तर हिरवा, नापास तर लाल. काय कशाला जोडून बांधायचं, त्याचे नियम एका फायलीत लिहिलेले असायचे.

या टेस्ट आणि हे नियम तपासायचं काम अण्णाकडं. अण्णानं 'ठीक' लिहिल्याशिवाय कुणाची एक ओळ आत जायची नाही. आणि अण्णा 'ठीक' असं लिहायचा, जसा काही आपल्या ताटातला लाडू उचलून देतोय.

त्याची एक रीत होती. कुणी नवी टेस्ट आणली की अण्णा म्हणायचा, "चिमटा काढून दाखव." म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर हत्यार मुद्दाम मोडायचं आणि टेस्ट बोंबलते का बघायचं. बोंबलली तर खरी. हत्यार मोडलं तरी टेस्ट गालात हसत बसली, तर अण्णा ती परत पाठवायचा. रीत चांगलीच होती. फक्त हे चिमटे ज्याच्या त्याच्या टेबलावर, ज्याच्या त्याच्या मशीनवर काढायचे. थोरलीला चिमटा काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. थोरलीवर अविश्वास दाखवायचा म्हणजे सासूला वय विचारण्यासारखं.

एका शुक्रवारची गोष्ट. सोमवारी एक हत्यार एका दूध संघाकडं जायचं होतं. संघाची बत्तीस चिलिंग सेंटरं. तिथलं दूध थंड ठेवणारी यंत्रं कॉम्प्युटरवर चालायची. कॉम्प्युटरचा कारभारी गपकन झोपला तर गारवा थांबणार आणि गावोगावचं दूध नासणार. म्हणून कारभाऱ्यानं मान टाकली की लगेच भोंगा वाजवणारं हे हत्यार. ते मंदा जगदाळेनं बनवलं होतं. मंदाचा हात चलाख होता आणि जीभ त्याहून चलाख.

"अण्णा, सकाळपासून सोळा चिमटे काढले," मंदा म्हणाली. "टेस्टच्या अंगावर वळ उठले बघा आता."

"सतरावा काढ."

"तुमचं लग्न जमवताना वहिनींच्या घरच्यांनी एवढे काढले असते, तर तुम्ही अजून मुंजेच राहिला असता."

"काढलेले," अण्णा म्हणाला. "मी सगळ्यांना बोंबललो, म्हणून तर पास झालो. सतरावा काढ."

मंदानं काढला. आणि अण्णाची पाठ फिरल्यावर तिनं एक खोडी केली. टेस्टचं गाठोडं तपासणीला पाठवताना त्यात शेवटी एक जादा टेस्ट कोंबली. तिच्यात एकच ओळ होती: काही बघू नको, काही विचारू नको, सरळ नापास हो. अण्णा नुसता आव आणतो की खरंच वाचतो, ते तिला बघायचं होतं. मग ती साळसूद चेहरा करून खाली चहा प्यायला गेली.

अण्णा खरंच वाचायचा. ओळ न् ओळ वाचत तो शेवटच्या टेस्टपाशी आला, थांबला आणि खुदकन हसला. "वा गं मंदे," तो आपल्याशीच म्हणाला, "मलाच चिमटा?" ती टेस्ट खोडायला त्यानं हात उचलला, आणि सहज त्याची नजर भिंतीवर गेली.

पडदा हिरवागार. दोनशे तेरापैकी दोनशे तेरा पास.

अण्णाचं हसू जागच्या जागी वाळलं. जी टेस्ट जन्मालाच नापास व्हायला आली होती, तीसुद्धा पास! म्हणजे थोरली खोटं बोलत होती. कधीपासून, कोण जाणे.

त्यानं नियमांची फाईल उघडली आणि वरून खाली बोट फिरवत गेला. मधे एक ओळ सापडली. जे बांधता येत नाही ते सोडून दे, आणि पास धर.

आता बघा. मंदाच्या टेस्टना एक सुटा भाग लागायचा. तो सगळ्यांच्या टेबलावरच्या मशीनमध्ये होता, थोरलीत नव्हता. त्यामुळं थोरलीवर हे गाठोडं कधी सुटलंच नव्हतं. पोरं वर्गात आलीच नाहीत आणि मास्तरनं घरबसल्या पास करून टाकली, असा प्रकार.

असली ओळ लिहिली कुणी? फायलीत प्रत्येक ओळीपुढं लिहिणाऱ्याचं नाव असतं. अण्णानं बघितलं. नाव होतं दामोदर केंजळे. तपासणाऱ्याच्या जागी बघितलं. तिथंही दामोदर केंजळे.

मग त्याला आठवलं. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी थोरली अडून बसली होती. सगळ्यांची कामं तुंबली. अण्णानं ही ओळ घातली, उद्या काढू म्हणाला आणि आपणच आपल्याला 'ठीक' लिहून मोकळा झाला. अण्णाचं कोण तपासणार? तसं विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि अण्णाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तो उद्या काही उगवला नाही.

माडीवर कुणी नव्हतं. मंदा चहा पीत होती. तिची खोडी खोडली की पडद्यावर दोनशे बारापैकी दोनशे बारा, पुन्हा हिरवंगार. हत्यार सोमवारी गेलं की मंगळवारी ओळ हळूच काढायची. कुणाला पत्ता लागला नसता. आणि टेस्ट चालल्या नाहीत म्हणून काय झालं, हत्यार चांगलंच असेल की! अण्णाच्या मनानं त्याला हे सगळं अगदी गोड आवाजात समजावलं. आपलं मन आपल्याशी बोलताना कधी खेकसत नाही, हीच तर पंचाईत.

तेवढ्यात मालक आले, सर्जेराव शिवदे. मोठ्या मनाचे, पण घाईचे.

"काय अण्णा, हिरवंगार दिसतंय. ठीक म्हणू ना संघाला?"

अण्णाचं बोट अजून त्या ओळीवरच होतं.

"अहो, एक शब्द तर पाहिजे. रोज देता तसा."

अण्णानं पडद्याकडं बघितलं. बत्तीस सेंटरांवर पहाटे कॅन उतरवणारी माणसं त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्यांनी अण्णाला कधी पाहिलं नव्हतं. अण्णाचा 'ठीक' मात्र त्यांच्या दुधावर जाऊन बसणार होता.

"ठीक नाही, मालक," अण्णा म्हणाला. "हे हिरवं खोटं आहे. आणि खोटं मी शिकवलंय तिला."

त्यानं सगळं सांगितलं. काही पोटात ठेवलं नाही. मंदा चहा पिऊन जिन्यात पोचली होती, तिनंही ऐकलं. एरवी असली संधी ती सोडती काय! पण आज ती नुसती पडद्यापाशी येऊन उभी राहिली.

मालकांनी कपाळाला हात लावला. "आठ महिने?"

"आठ."

"ओळ काढा मग. बघू तरी."

अण्णानं ओळ काढली. थोरलीला तो सुटा भाग आणून दिला. थोरली घरघरली, बराच वेळ घरघरली, आणि पडद्यावर चार लाल ठिपके उमटले. एक मंदाच्या खोडीचा, तो उमटायलाच पाहिजे होता. दोन किरकोळ. आणि चौथा? कारभाऱ्यानं मान टाकली तरी भोंगा वाजत नव्हता! मंदानं केला तेव्हा वाजत होता, आणि तिच्या टेबलावरच्या जुन्या प्रतीत अजूनही वाजत होता. मधल्या महिन्यांत कुणीतरी शेजारचं काही हलवलं आणि भोंग्याची तार निसटली. त्याच दिवशी सांगायला टेस्ट होती. बिचारी आठ महिने वर्गाबाहेर उभी होती.

खाली गिरणी तेवढी चालू होती.

मालकांनी संघाला फोन लावला, आणि अण्णानं तो त्यांच्या हातातून घेतला. "केंजळे बोलतोय. हत्यार आठवडाभर उशिरा येईल. चूक माझी आहे." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. त्यातलं बरंचसं पोरांपुढं सांगण्यासारखं नाही. अण्णा शेवटपर्यंत 'हो' म्हणत राहिला.

दोन दिवसांत मंदानं भोंगा नीट केला. अण्णानं नियमांची फाईल साफ केली आणि यावेळी आपल्या नावापुढं 'ठीक' लिहिलं नाही. तो उठून मंदाच्या टेबलापाशी गेला.

"माझं तपासून दे."

"मी? तुमचं?" मंदानं पदर सावरला. "अण्णा, नंतर रुसायचं नाही हं."

"वाच आधी."

मंदा वाचायला बसली. अण्णा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या तळहाताला घाम आलाय. इतकी वर्षं समोर उभ्या राहिलेल्या माणसांना असा घाम यायचा, हे त्याला आज कळलं.

अर्ध्या तासानं मंदानं हाक मारली. "अण्णा, परत घ्या. खाली तळाशी अजून एक 'पास धर' राहिलंय. तेही तुमचंच."

अण्णानं वाकून बघितलं. होतं खरं. तो खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला आणि ती ओळ त्यानं तिच्यासमोर खोडली.

तात्पर्य: जे बघितलंच नाही त्याला बरं म्हणू नका, आणि दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम ज्याच्याकडं असेल, त्यानं आपलं काम सगळ्यांत आधी दुसऱ्याच्या हातात द्यावं.