हात वर केलेला माळ

आमच्या गावाच्या उगवतीला जो माळ आहे, त्यावर गवताची काडी टिकत नाही. पण निवडुंग बघा. मान वर करून बघताना डोक्यावरची टोपी खाली पडते, एवढे उंच. सगळे हात आभाळाकडे. हल्ली जीप भरून माणसं येतात, फोटो काढतात आणि गाडीत बसताना म्हणतात, "चला, जातो आम्ही." मग आमच्यातली कोणीतरी बाई गाडीचं दार धरते. "येतो म्हणा," म्हणते. शहाणी माणसं हसतात. हसोत. म्हटल्याशिवाय दार सुटत नाही.

असं सांगतात, की फार पूर्वी इथं एकच निवडुंग होता, ठकूच्या घरामागं, कुंपणाला. ठकू धनगराची सून. त्या साली पाऊस फिरकलाच नाही, तेव्हा तिचा नवरा बिरू मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मुलखात निघाला. मेंढरं ओरडत होती, कुत्री पायात येत होती. त्या गडबडीत तो बोलून गेला, "बरं, जातू."

ठकू त्याच्या मागं धावली. "अवं, जातू काय? येतू म्हना!"

"येनारच की! माज्याच घरी याया मुहूर्त बघू व्हय?" हसत हसत तो चढ चढून गेला. शब्द काही बदलला नाही.

तेव्हापासून तिचा पाय घरात ठरेना. भाकरी तव्यावर टाकून माळावर पळायची, लांबून त्याला दिसावं म्हणून हात वर करून उभी राहायची. इकडे भाकरीचा कोळसा. सासू कोंडाबाई कातावली, "माळासंगं लगीन लावलंस का गं? मागं ठेवलेली कोकरं मी पाजू?"

तेही खरंच होतं. मग ठकूनं कुंपणाच्या निवडुंगाची फांदी मोडून माळावर रोवली. "कोकरं पाजून येते. तवर तू हात वर धर." निवडुंग तो, खडकावर फेकला तरी रुजतो. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, या वाटेनं नाही, त्या वाटेनं येतील. तिथं दुसरी रोवली. बिरूबरोबर गेलेले बाकीचे धनगर परतले. बिरूची मेंढरं वावटळीत पांगली, तो त्यांच्या मागं गेला, एवढंच त्यांना ठाऊक. ठकूनं सारा माळ हातांनी भरून टाकला, म्हणे.

एका सकाळी तिला उभं राहणंही सोसेना. एक फांदी खांद्यावर टाकून ती उंबऱ्यातून ओरडली, "आत्याबाई, मी जाते त्यास्नी हुडकायला!" आणि तिनंच जीभ चावली.

कोंडाबाई चुलीपासून धडपडत उठली. "येते म्हन, ठके! मागं फीर!"

ठकू क्षणभर थांबली. पण मागं फिरलं तर पाय पुन्हा निघणार नाहीत, असं तिला वाटलं असावं. ती गेली.

त्याच दिवशी ऊन कलताना दुसऱ्या वाटेनं बिरू आला. धुरळ्यात वाट हरवली होती; माळावर माणसं हात करताना दिसली, म्हणून एका हाताकडून दुसऱ्याकडे चालत तो घरी लागला. कोंडाबाईनं ठकू गेली त्या वाटेकडे बोट केलं. बिरू उलट धावला. माळाच्या पार टोकाला नवी फांदी रोवलेली होती, मोडल्या जागी चीक अजून ओला होता. "येतू गं ठके! येतू!" तो अंधार पडेपर्यंत ओरडत होता. ओ आली नाही.

आजही तो टोकाचा निवडुंग सगळ्यांत उंच आहे. बाकीच्यांचे सगळे हात वर. याचा मात्र एक हात गावाकडे वळलेला. ठकू मागं फिरली होती, असं आम्ही त्यावरून समजतो. वाटेत असेल. म्हणून तुम्हाला कितीही घाई असो, दार आम्ही धरणारच.