पिठाची लेक

एक होतं गाव. कुठं? तर सोन्या, तुझ्या गुडघ्यावर खपली धरलीय ना, तिच्या खाली. एवढं बारीक, की मुंगीलासुद्धा दिसायचं नाही.

त्या गावात एक रीत होती, बरं का. घर भरलं की मधोमध फुटायचं, एकाची दोन व्हायची. पण आपल्या मनानं नाही. घंटेवाल्या रखमाजीनं घंटा वाजवली की मगच.

रखमाजीच्या अंगात बळ मोठं, पण एकट्यानं त्याचा हात उचलायचाच नाही. त्याला पिठाची पोर लागायची. भागाई म्हातारी रोज चिमूट चिमूट पीठ लावून पोर वाढवायची. पोर पुरती भरली की येऊन रखमाजीचा एक हात धरायची. मग दुसऱ्या हातानं तो घंटा वाजवायचा. घर फुटलं की भागाई पोरीच्या कपाळाला हळदीचं बोट लावायची. हळद लागली की पोर जात्यात. पुन्हा पीठ. त्याच पिठाची पुढची पोर.

पहिली गेली, रखमाजीनं डोळे पुसले. दुसरी गेली, तो दोन दिवस जेवला नाही. तिसरीनं हात धरला अन् म्हणाली, "बाबा, तुमचा हात एवढा खरखरीत कसा हो?"

बाबा म्हणाली! मग काय, भागाईची पाठ वळताच रखमाजीनं धोतराच्या सोग्यानं तिच्या कपाळाची हळद पुसली. पोरीला कणगीत लपवलं, आणि भोकातून तिचा हात धरून बसला.

पण तिचा हात हातात, तोवर घंटा थांबेना. दोनाची चार, चाराची आठ. भिंती धड उभ्या राहायच्या आत घरं फुटायची, वाकडीतिकडी. गल्ल्या बुजल्या. पाण्याला वाट उरली नाही.

"मुडद्या, थांब की!" भागाई धावत आली. "माणसं चेंगरली!"

"तुझं काय जातंय हळद लावायला? तुझी लेक असती म्हणजे कळलं असतं."

भागाई मटकन खाली बसली. "मेल्या, सगळ्या घडवल्या कुणी? माझ्याच होत्या की रे."

मग रखमाजी उठला. त्यानं पोरीला बाहेर काढलं. हळदीत आपलंच बोट बुडवलं.

"बाबा, पुढच्या खेपेला ओळखाल मला?"

"ओळखीन, माये."

"आणि मी तुम्हाला?"

त्यानं हळद लावली.

जातं फिरलं. घंटा थांबली. वाकडी घरं पाडली, पाणी खळखळत आलं. मग बऱ्याच दिवसांनी नवी पोर आली. तीच बोटं, तोच आवाज.

"अहो आजोबा," ती म्हणाली, "घंटेवाले तुम्हीच का?"

रखमाजीनं हात पुढं केला.

गाव सुखानं नांदलं. रखमाजीचं विचारू नको. आता ती खपली खरवडायची नाही, काय? खाली त्याचं काम चाललंय. मीट डोळे.