झरोक्यावरचा दगड

माणसाला लोखंड ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका टेकडीच्या माथ्यावर दगडी थडगं होतं. दाराला मोठा धोंडा लावलेला आणि त्याच्या वर एक झरोका. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून आत शिरे आणि आतल्या सासूसुनेच्या हाडांना घटकाभर ऊब मिळे. वर्षभराची थंडी तेवढ्यावर काढायची.

झरोक्यावरच्या दगडाला वाटू लागलं की सूर्य येतो तो आपल्यामुळेच. त्या वर्षी तो म्हणाला, "आधी त्याने मला नमस्कार करावा, मग आत सोडीन." आणि खाली सरकून त्याने झरोका बुजवला.

सूर्य आला आणि गेला. त्याला पुढे पुष्कळ गावं होती.

आत सासूचे गुडघे थंडीने कडकड वाजू लागले. "जा गं, पड त्या दगडाच्या पाया," ती म्हणाली.

"आत्याबाई, जिवंतपणी पडले तेवढं पुरे," सून म्हणाली आणि तिने दाराच्या धोंड्याला खांदा लावला. धोंडा मुकाट्याने सरकला. आजवर तो कुणी आतून ढकलून पाहिलाच नव्हता.

बाहेर सगळीकडे ऊन पडलं होतं.

"हे रोज असतं?" सासूने तिथल्या शेळीला विचारलं.

"रोज," शेळी चरता चरता म्हणाली, "तुम्ही कुठं होता?"

दोघी पाय पसरून तिथेच बसल्या, त्या पुन्हा आत गेल्या नाहीत.

दगड मात्र रिकाम्या थडग्याचा झरोका दाबून बसला आहे. सूर्य परवानगीवाचून आत शिरला नाही, यातच तो खूश आहे.