डोमा ढिवराचा कमळांचा नवस

तळ्याची पाळ नवी होती आणि पाळीवरची चिंच हातभर रोप होती, तेव्हाची ही गोष्ट. झाडीपट्टीतल्या खैरटोल्यात डोमा ढिवर राहत असे. मासे धरावेत, विकावेत आणि तळ्याकाठच्या महादेवाला रोज एक कमळ वाहावं, एवढंच त्याचं काम. पण असं म्हणतात, की जाळं टाकल्यावर तो डोंग्यात, आपल्या लहानशा होडीत, इतका निश्चल बसे की बगळा येऊन त्याच्या डोक्यावर टेकायचा. खोटं वाटतं ना? आमच्या गावात कोणाला वाटत नाही.

मासे मिळोत न मिळोत, डोमाचं बघणं संपत नसे. मरळ माशांची जोडी आपल्या पिल्लांच्या लालसर घोळक्याला कशी राखते, चतुर पाण्याला शेपूट टेकवून अंडी कशी सोडतो, हे तो तासन्‌तास पाही. देव कुठं दिसतो, असं कोणी कुरकुरलं की तो हसून म्हणे, "माह्या डोंग्यात बस ना बापा, दाखवतो."

एका वर्षी त्याची एकुलती लेक भागरती तापाने फणफणली. वैद्याने हात टेकले. तेव्हा डोमा देवळात गेला आणि म्हणाला, "महादेवा, माही पोर उठू दे. श्रावनात तुही पिंड दिसनार नाही एवढी कमळं वाहीन."

पोर उठली. अंगणात हुंदडू लागली. आणि श्रावणातला सोमवार आला.

सकाळीच डोमाने डोंगा कमळांत घातला, पहिल्या देठाला हात लावला आणि तो थबकला. शेजारच्या पानावर कमळपक्षी बसला होता, लांब शेपटीचा, मानेमागे सोनेरी पट्टा असलेला. त्याच्या पोटाखाली अंडी होती. या पाखरांत मादी अंडी घालून निघून जाते आणि बाप एकटा ती उबवतो, हे डोमाला ठाऊक होतं. कमळं ओरबाडली की पानं फाटणार आणि अंडी तळाला जाणार. डोमा जवळ आला तसं पाखराने एक अंडं चोचीने आणखी आत ओढलं, पण पाखरू जागचं हललं नाही.

डोमाने डोंगा दुसरीकडे वळवला. तिथंही तेच. सगळं कमळवन म्हणजे बाळंतिणीची खोली झालं होतं, फक्त बाळंतीण तेवढी नव्हती. तो रिकाम्या हातांनी घरी आला.

"काहून जी, फुलं कुठी आहेत?" त्याची बायको कौतिका दारातच म्हणाली. "पोरीचं अंग पुन्हा तापलं ना!"

डोमाने पाखराच्या अंड्यांचं सांगितलं. तोवर गाव जमलं. नवस चुकला, देव कोपला, असं जो तो म्हणू लागला. पाटील म्हणाले, "तुह्यानं होत नसंल त आमी तोडतो." आणि माणसं डोंगे सोडायला निघाली.

डोमा त्यांच्या आधी धावला आणि छातीभर पाण्यात आडवा उभा राहिला. लेकीच्या काळजीने त्याचा जीव तुटत होता, पण आवाज हलला नाही. "त्या पाखराचे लेकरं बुडवून माही लेक मांगू का? असा नवस महादेव घेनारच नाही. मी त्याले ओळखतो."

कौतिकेने पोरीला उचललं आणि थेट देवळात जाऊन पिंडीसमोर मांडीवर घेतलं. तिथूनच ती ओरडली, "तुमच्या महादेवानं नाही आइकलं, त मी तुमचं तोंड पाहनार नाही!"

असं म्हणतात, की त्याच घटकेला डोंगरात पाऊस कोसळला आणि तळं चढू लागलं. माणसं मागे सरली. पाणी हलक्या पावलाने पायऱ्या चढलं, उंबरा ओलांडून गाभाऱ्यात शिरलं. त्याच्याबरोबर कमळांचे देठ लांबत गेले, एकही न तुटता, आणि सगळं कमळवन देवळात आलं, मागोमाग डोमाही. फुलांनी पिंड झाकली, दगडाचा कणही दिसेना. वरच्या पानावर तो कमळपक्षी बसला होता. त्याची अंडी कोरडी होती.

मांडीवरच्या भागरतीने डोळे उघडले. "बाबा, पाखराले भूक लागली असंल," ती म्हणाली. कौतिकेने तिच्या कपाळाला हात लावला आणि ती ढसाढसा रडली, कारण ताप उतरला होता. मग पाणी आलं तसं परत गेलं आणि एकेक फूल आपल्या जागी जाऊन राहिलं.

खैरटोल्यात आजही श्रावणात कोणी कमळ तोडत नाही. लेकरू आजारी पडलं की बाप देवळात जातो, पण 'वाहीन' म्हणत नाही. डोमाबाबाचं नाव घेऊन 'राखीन' म्हणतो. तळ्यातलं एक घरटं आपलं धरतो आणि रोज पाळीवर बसून कावळे, घारी हाकलतो. जेवणसुद्धा तिथंच येतं. येणारेजाणारे लेकराची चौकशी करतात, मग घरट्याची. पिल्लं मोठी होतात, एके दिवशी पानांवरून उडतात. तेव्हा बाप उठतो, धोतर झटकतो आणि घरी जाऊन सांगतो, "फिटला."