वकिलातीतले डास

समुद्राकाठच्या एका शहरात परदेशी वकिलात होती. तिच्या आवारातलं संगमरवरी कारंजं महिनाभर बंद होतं आणि हौदात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. शेजारच्या कोळीवाड्यात घरटी एक माणूस तापानं फणफणत होता.

पालिकेच्या मलेरिया निरीक्षक घरतबाई अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांची बरणी घेऊन तिसऱ्यांदा फाटकावर आल्या. आधी दोनदा पहारेकऱ्यानंच त्यांना परत पाठवलं होतं. आज वकिलातीचे बडे साहेब स्वतः आले. ते मराठी शिकले होते, पण बहुधा नकार देण्यापुरतंच.

"बाई, या फाटकाच्या आत आमचा देश. तुमचे नियम तिकडे, रस्त्यावर!"

घरतबाईंनी मान डोलावली आणि वही उघडली.

"बरं झालं साहेब, तुम्हीच सांगितलंत. म्हणजे या हौदात जन्मलेले डास तुमच्या देशाचे नागरिक. रोज संध्याकाळी ते व्हिसा न घेता आमच्या हद्दीत घुसतात, आमच्या माणसांचं रक्त पितात आणि मुक्कामाला परत तुमच्याकडे येतात. तुमच्या राजधानीला तसं कळवते. इथं सही करा."

साहेबांनी वहीकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं, मानेवर बसलेला एक देशबांधव चापटीनं मारला आणि मुकाट्यानं फाटक उघडायला लावलं.

बाईंनी बरणी हौदात रिकामी केली आणि निघता निघता बजावलं, "साहेब, हे मासे आमच्या देशाचे राजदूत. यांच्या खवल्यालाही धक्का लागता कामा नये!"