सूचनापेटीची किल्ली

"मग सोमवारपासून वर्ग बंदच करू ना, मास्तर? सांगा ना!"

डोकं असलं तापलं होतं म्हणून सांगू! हातातली सूचनापेटी मी ओट्यावर आदळली. पत्र्याची, वर फट, पुढं कुलूप. स्वतः उभा राहून बनवून घेतली होती यार!

यमूल मास्तरांनी या वस्तीत चाळीस वर्षं शिकवलंय. सुपारी कातरत बसले होते. वरही बघितलं नाही.

"काय झालं?"

"दहावीच्या सोळा पोरी. फुकट शिकवतो, संध्याकाळी साडेसहाच्या ठोक्याला हजर! येतात किती? चार! वर त्यांना म्हटलं, वर्ग तुमचा, कसा चालवायचा तुम्हीच ठरवा, चिठ्ठ्या टाका. इतकं कोण विचारतं हो?"

"टाकल्या?"

"टाकल्या की, बारा! पण अभ्यासाबद्दल एक अक्षर नाही. सगळ्यांचं एकच रडगाणं."

"वाच."

पेटी उघडून एक काढली. 'दादा, साडेसहाला नळाला पाणी येतं. भरून झालं की येऊ. वर्ग साडेसातला घ्या. तबस्सुम.'

"पुढची."

"तेच आहे हो मास्तर."

"वाच म्हणतो ना!"

बाराच्या बारा वाचायला लावल्या. सातव्या चिठ्ठीपासून माझा आवाज बसत गेला...

"कधीच्या?"

"जूनच्या."

"आता काय चाललंय?"

"...दिवाळी झाली."

अडकित्ता थांबला.

"वर्ग बंद कर. मार्चमध्ये नापास होतील, मेमध्ये घरचे लग्नं लावतील. अक्षता टाकायला जाशील ना, सुयश?"

"असं काय बोलता! मी विचारलं ना त्यांना? अजून काय करायचं मी?"

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे! अजून कुणाकडे असणार?"

मास्तरांनी हात पुढं केला. मी दिली.

त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, पेटीत कोंबल्या, कुलूप दाबलं. आणि किल्ली... वरच्या फटीतून आत सोडली. खण्ण!

"अहो! आता उघडू कशी मी?"

"तू नाही. पोरींपुढं नेऊन ठेव."

"फोडून टाकतील त्या!"

मास्तर उठले. पेटी उचलून माझ्या छातीवर ढकलली.

"साडेसातला जा."