दरबारात बसून राहिलेली बुधरी

फार फार पूर्वी, जेव्हा राजे एकही झाड न लावता सगळं रान आपलं म्हणत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकली तर फारच बरं.

राज्याच्या टोकाला रानातलं एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला उतारभर बांबू वाढायचा. त्याच्या टोपल्या विणून बायका घर चालवत, आणि त्याच्याच मुळांनी उतारालगतच्या ओढ्याचा काठ धरून ठेवला होता. कुठला बांबू तोडायचा, कुठला राखायचा, हे बायकाच ठरवत. सगळ्याजणी उताराखाली बसायच्या, बोलायच्या, भांडायच्या. जिला पटलं ती उठायची. जिला पटलं नाही ती बसून राहायची, आणि शेवटची बाई उठेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. चुली खोळंबायच्या, नवरे कुरकुरायचे, पण रीत कुणी मोडली नव्हती.

एकदा राजाच्या मनात आलं, रानातल्या लोकांनाही मान द्यावा. त्याने दवंडी पिटवली की यापुढे रानातली एक बाई दरबारात बसेल. गावाने बुधरीला पाठवलं. ती स्पष्ट बोलणारी होती, निदान गावात तरी.

दरबारात तिला गादीचं आसन मिळालं, अंगावर शेला आला. प्रधानाने काहीतरी भरभर वाचलं. त्यात राजवाड्याच्या नव्या मांडवाचा उल्लेख होता, आणि मध्येच त्यासाठी उतारावरचा बांबू तोडण्याचाही. बुधरी तोंड उघडणार तोच राजा उठला. राजा उठला म्हणून दरबार उठला. सगळे उठले म्हणून बुधरीही उठली.

गावाकडे परतताना ती वाटभर विचार करत राहिली. आपण उठलो, म्हणजे हो म्हटलं की काय? पण आपल्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्याला हो कसं म्हणता येतं? पाय दुखायला लागले तरी डोक्यातला गुंता सुटेना.

गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने सगळं ऐकून घेतलं.

"मग तू उठली काहून?"

"सारे उठले म्हणून उठली. मले काही समजलंच नाही, आजी."

"समजलं नाही, तं बसून राहाचं होतं."

बुधरीला लाज वाटली आणि रागही आला. राग राजाचा की स्वतःचा, ते मात्र कळेना.

बांबू तोडायला राजाची माणसं निघायच्या आत ती पुन्हा दरबारात पोचली. काम संपलं, राजा उठला, दरबार उठला. बुधरी बसूनच राहिली. प्रधान खाकरला. शिपाई म्हणाला, "बाई, उठा." ती राजाकडे वळली.

"महाराज, मले बांबूचं पटलं नाही. मी कशी उठू?"

असं आजवर कधी झालं नव्हतं. बसावं की जावं, हे आता राजालाच कळेना. शेवटी तो बसला. राजा वाईट नव्हता, त्याला फक्त विचारायची सवय नव्हती.

"बरं, मग तूच सांग," तो म्हणाला. "बांबू तोडायचा की नाही? तू म्हणशील तसं करू."

झालं, बुधरी पुन्हा गोंधळली. 'नाही' हा शब्द अगदी जिभेवर होता. तो उच्चारला की उतार वाचला. पण मग राजात आणि आपल्यात फरक काय राहिला? आज आपल्या एकटीच्या शब्दाने बांबू राहील, आणि उद्या आपल्याच एकटीला कुणी गोड बोलून वळवलं तर? प्रधान तर आत्ताच फार गोड हसत होता.

"मी एकटी कशी सांगू, महाराज? उतार काही माह्या एकटीचा नाही. तुमीच या, आमच्यासंगं खाली बसा."

राजा खरंच तिच्याबरोबर गावात गेला. जमिनीवर बसला, मुंग्या चावल्या तरी बसला. बायकांपैकी कुणी म्हणाली बांबू द्यावा, कुणी म्हणाली मुळीच नाही. दुपार कलली तेव्हा ठरलं की ओढ्यापासून लांबचा, जून झालेला बांबू तेवढा द्यायचा आणि तोही बायकांनीच तोडायचा. एकेक बाई उठत गेली. शेवटी बुधरीच उरली. तिला एक काठीही द्यायची नव्हती.

"ओढ्याच्या काठाले हात लावाचा नाही, हे पक्कं?"

"पक्कं," राजा म्हणाला.

ती उठली. बरोबर केलं की चुकलं, हे तिला घरी पोचेपर्यंत उमगलं नाही.

मांडव लहान झाला. पुढच्या पावसाळ्यात ओढा फुगला, पण काठ ढळला नाही आणि गाव जागच्या जागी राहिलं. दरबारातली ती गादी राजाने काढून टाकली आणि तिथे लांबलचक सतरंजी अंथरली. तिच्यावर गावच्या बायका मावतील तितक्या बसू लागल्या. तेव्हापासून दरबार रोज उशिरा सुटतो, अशी प्रधानाची तक्रार आहे.

तात्पर्य: एकीला आसन दिल्याने गावाचा मान होत नाही; गावाला विचारून त्याच्या उत्तरासाठी थांबलं, तरच तो होतो.